चामड्यावरील नक्षी आणि अक्षर

आज आपल्याशी बोलायचे आहे ते चामड्याच्या वस्तूंवर नक्षी कशी रंगवावी आणि नाव कसे लिहावे याविषयी. विषय ऐकून कोणी म्हणेल, चामडे ते चामडे, त्यावर कसली आली आहे नक्षी? वहाण पायात टिकली म्हणजे झाले, पट्टा कमरेला बसला म्हणजे झाले. परंतु आपल्याच घरात जरा नजर टाका. पोळ्याला बैलाच्या गळ्यात आपण जो घुंगरांचा पट्टा बांधतो, तो साधा का ठेवत नाही? त्यावर रंगीत ठिपके असतात, गोंडे असतात, कधी बैलाचे नावही असते. उपयोगाची वस्तू हातात आली की तिला थोडे सजवावे ही माणसाची जुनी हौस आहे, आणि चामडेही तिला अपवाद नाही.

या कामात फार महागडी हत्यारे लागत नाहीत. लागते ते चामड्याचे ज्ञान, रंगाची ओळख आणि अक्षराची शिस्त. या तीन गोष्टी मी आज क्रमाने सांगणार आहे. शेवटी एका चौथ्या गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधणार आहे. ती म्हणजे वस्तूवर कोणाचे नाव असावे, हा प्रश्न.

पहिली गोष्ट चामड्याची. बाजारात चामडे म्हणून जे मिळते ते सगळे एका जातीचे नसते. काही तर चामडेच नसते; कापडावर प्लॅस्टिकचा थर दिलेले रेक्झिन असते. ते ओळखायला जाळून बघण्याची गरज नाही. कापलेली कड निरखून पाहा. रेक्झिनच्या कडेला कापडाचे धागे आणि वर पातळ पापुद्रा दिसतो. खऱ्या चामड्याची कड आतबाहेर सारखी, तंतूंनी गच्च विणलेली दिसते.

खऱ्या चामड्यातही दोन मोठे भेद आहेत. एक बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेले. दुसरे क्रोमियमच्या क्षाराने कमावलेले. आज जगातले बहुतेक चामडे दुसऱ्या रीतीने कमावतात, कारण ते लवकर तयार होते. आपले कोल्हापुरी चामडे पहिल्या रीतीचे. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि तिच्यात साल आणि हिरड्याचे पाणी भरतात. ते पाणी हळूहळू झिरपते आणि कातडे कमावले जाते. अशा चामड्याची कड तपकिरी, लालसर दिसते. क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर करडी असते. वर चकाकी नसलेल्या झाडपाल्याच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर ते पाणी पिते आणि तेवढा भाग गडद होतो. वाळले की डाग बहुतेक निघून जातो. ज्यावर थेंब मोत्यासारखा उभा राहील, त्यावर काही तरी लेप आहे असे समजावे.

ही परीक्षा एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पुढचे सगळे काम तिच्यावर अवलंबून आहे. पाणी पिणारे चामडे रंगही पिते, आणि पाणी झटकणारे चामडे रंगही झटकते.

आता दुसरी गोष्ट, रंगाची. रंगाचे दोन प्रकार ध्यानात ठेवा: मुरणारा रंग आणि बसणारा रंग. मुरणारा रंग पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये पूर्ण विरघळतो, चामड्याच्या तंतूत शिरतो आणि स्वतः पारदर्शक असतो. म्हणून तो फक्त गडद करू शकतो. तपकिरी चामड्यावर पिवळा मुरणारा रंग दिला तर पिवळा दिसणार नाही, तपकिरीच राहील. बसणाऱ्या रंगात रंगाची बारीक भुकटी असते आणि ती धरून ठेवणारे द्रव्य असते. तो वर थर करून राहतो. काळ्या पट्ट्यावर पांढरे नाव हवे असेल तर बसणाराच रंग लागेल.

हा भेद आपल्याच कोकणात फार सुंदर रीतीने पाहायला मिळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या या कला सांभाळल्या आहेत. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. सावलीच्या बाहुलीचे कातडे आपल्या चपलेसारखे कमावलेले नसते. केस काढून, खरवडून, ताणून वाळवले की ते जाड तेलकट कागदासारखे अर्धपारदर्शक होते. त्यावर मुरणारे, पारदर्शक रंग देतात आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोके पाडतात. मागे दिवा लावला की पडद्यावर रंगीत आकृती उमटते आणि भोकांतून दागिने चमकतात. तेथे कोणी जाड तैलरंग लावला तर पडद्यावर नुसती काळी सावली पडेल. आंध्र प्रदेशातील निम्मलकुंटा गावी अशाच पण आकाराने मोठ्या बाहुल्या करतात. त्यांच्या खेळाला तोलुबोम्मलाट म्हणतात. तेथेही नियम तोच: उजेड पलीकडून यायचा असेल तर रंग मुरणारा हवा.

उलट टोकाचे उदाहरण राजस्थानात बिकानेरला आहे. तेथील उस्ता घराण्यांचे कलावंत उंटाच्या कातड्याच्या कुप्यांवर नक्षी करतात. कुपी म्हणजे तेल, अत्तर ठेवण्याचे भांडे. मातीच्या साच्यावर ओले कातडे चढवायचे, ते वाळून कडक झाले की आतली माती काढून टाकायची, आणि मग वर लेप चढवून वेलबुट्टी उठावात आणायची आणि सोनेरी करायची. हे काम चामड्यात मुरत नाही, चामड्यावर बसते. आणि ते तेथे टिकते, कारण कुपी वाकत नाही, दुमडत नाही. या कलेतील हिसामुद्दीन उस्ता यांना १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली.

या दोन उदाहरणांवरून आपल्या कामाचा नियम निघतो. वस्तू किती वाकते, हे आधी पाहावे आणि मग रंग निवडावा. पुस्तकाचे पुठ्ठ्यावरचे चामडी वेष्टण वाकत नाही. त्यावर जाड थर चालेल. पट्टा, पिशवीची झडप, बटवा या वस्तू रोज वाकतात. त्यांवर दारेखिडक्यांना लावतो तो तैलरंग लावला तर पहिल्या दिवशी झळाळी दिसेल, पण वस्तू वाकू लागली की त्याला भेगा पडतील आणि पुढे पापुद्रे सुटतील. दोष रंगाचा नाही, जागेचा आहे. लाखेच्या पॉलिशचेही तेच. ते लाकडाला शोभते, वाकणाऱ्या चामड्यावर तडकते.

वाकणाऱ्या वस्तूसाठी आज सोयीचा रंग म्हणजे अॅक्रिलिक. तो पाण्यात कालवता येतो, वाळल्यावर पाण्याने जात नाही, आणि थर पातळ असेल तर चामड्याबरोबर वाकतो. पातळ थर, हाच त्यातला मंत्र. एक जाड हात देण्यापेक्षा तीन किंवा चार पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात बोटाला चिकटेनासा झाला म्हणजे पुढचा द्यावा. शेवटचा हात दिल्यावर वस्तू निदान एक दिवस सावलीत ठेवावी. उन्हात वाळवण्याची घाई करू नये, चामडे आकसते.

रंगापूर्वी पृष्ठभाग स्वच्छ हवा. कोरे चामडे ओल्या फडक्याने पुसून वाळवले की पुरे. तयार पिशवीवर कारखान्याचा चकचकीत लेप असतो. तो कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट किंवा अॅसिटोन घेऊन, नक्षीच्या जागेपुरताच हलक्या हाताने काढावा. आधी झाकल्या जाणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. ही द्रव्ये पेट घेणारी आहेत आणि त्यांची वाफ छातीत जाणे बरे नाही. म्हणून चुलीपासून, विडीकाडीपासून दूर, दारे उघडी ठेवून काम करावे. आणि शाळेत हा भाग मुलांच्या हाती न देता गुरुजींनी किंवा बाईंनी स्वतः करावा. आणखी एक गोष्ट: तेल दिलेल्या चामड्यावर रंग धरत नाही. तेव्हा रंग आधी, तेल मागाहून, आणि तेही रंगवलेली जागा सोडून.

आता मी आपल्याला असा एक रंग सांगतो, जो दुकानातून डबीत आणावा लागत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेत शाई घरी करीत. हिरडा कुटून त्याचा काढा करायचा आणि त्यात हिराकस घालायचा, की पाणी काळे होते. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्यातला तुरट अंश आणि लोखंड यांची गाठ पडली की काळा रंग जन्मतो. आता पाहा, आपले चामडे कशाने कमावले आहे? बाभळीच्या सालीने आणि हिरड्यानेच. म्हणजे शाईचा अर्धा भाग त्या चामड्यात आधीच भरून ठेवलेला आहे! त्यावर हिराकसाचे पातळ पाणी कुंचल्याने लावा. फिकट हिरवट पाणी लावता लावता डोळ्यांदेखत काळे होईल. हिराकस नसेल तर गंजलेले खिळे गुळाच्या आंबवलेल्या पाण्यात किंवा शिरक्यात काही दिवस ठेवून ते पाणी गाळून घेता येते.

क्रोमच्या चामड्यावर मात्र हा प्रयोग साधणार नाही, कारण त्यात ती तुरट द्रव्ये नाहीत. ओले चामडे लोखंडी हत्याराखाली ठेवले तर त्यावर काळे डाग का पडतात, याचाही उलगडा येथे होतो. म्हणून ओल्या चामड्यावर रेघा उठवायला पितळेचे, लाकडाचे किंवा हाडाचे बोथट टोक घ्यावे. एक सावधगिरी मात्र हवी. हिराकसाचे पाणी फार कडक करू नये आणि पुन्हापुन्हा लावू नये. लोखंडाचा अंश जास्त झाला तर चामडे काही वर्षांत ठिसूळ होते. पातळ पाणी, एक हात, वाळल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे, आणि मग किंचित तेल, एवढे पुरे. हळदीचा मोहही टाळावा. हळदीचा पिवळा उन्हात विटतो, आणि साबण किंवा चुना लागला की लाल होतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना एक विनंती आहे. हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. एक तुकडा बाभळीच्या चामड्याचा, एक क्रोमच्या चामड्याचा, आणि एकाच बाटलीतले पाणी. एक काळा होतो, दुसरा होत नाही. का? हा प्रश्न मुलांना विचारावा आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.

यानंतर तिसरी गोष्ट, अक्षराची. नक्षीत एखादे पान लहानमोठे झाले तर खपून जाते. अक्षर बिघडले तर नाव बिघडते. म्हणून चामड्याला हात लावण्यापूर्वी कागदावर लिहून पाहावे, आणि ऱ्हस्वदीर्घ तपासून घ्यावे. कागदावरचे खोडता येते, चामड्यावरचे खोडता येत नाही.

देवनागरी अक्षराला वर मात्रा-वेलांटी असते आणि खाली उकार असतो. जागा आखताना पुष्कळ जण फक्त अक्षराच्या उंचीचा विचार करतात, आणि मग मात्रेला वर जागा उरत नाही. यावर सोपी युक्ती अशी. मिळालेल्या उंचीचे पाच समान भाग करा. वरचा एक भाग मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना. मधले तीन भाग अक्षराच्या अंगाला. खालचा एक भाग उकाराला. पट्टी अडीच सेंटिमीटर रुंद असेल तर अक्षराचे अंग दीड सेंटिमीटरचे होईल. यापेक्षा फार बारीक लिहू नये. चामड्याला स्वतःची रवाळ पोत असते. बारीक अक्षराची पोटे रंगाने भरून जातात आणि ‘व’चा ठिपका होतो.

अक्षरांमधले अंतर फूटपट्टीने सारखे करू नये, डोळ्यांनी सारखे करावे. ‘र’ आणि ‘ट’ यांच्याभोवती मोकळी जागा दिसते. ‘म’, ‘भ’, ‘स’ ही भरलेली अक्षरे आहेत. मोकळी अक्षरे थोडी जवळ, भरलेली थोडी दूर घेतली म्हणजे शब्द एकजीव दिसतो. कुंचला चपटा घ्यावा, आणि जुन्या शाळेत बोरू जसा एकाच तिरक्या कोनात धरीत, तसाच तो शब्द संपेपर्यंत धरावा. जाड-बारीक रेघा मग आपोआप योग्य जागी येतात. शिरोरेषा सर्वांत शेवटी, एका दमात ओढावी.

त्या शिरोरेषेबद्दल चामड्याच्या कामात विशेष जपावे लागते. ती लांब, आडवी आणि सलग असते. वस्तूची घडी जर तिला छेदून जात असेल तर तडा प्रथम तेथेच जातो. म्हणून नाव घडीच्या रेषेला समांतर लिहावे, घडीवरून ओलांडून लिहू नये. कमरेच्या पट्ट्यावर नाव लिहायचे तर ते पाठीमागच्या भागात लिहावे. पुढे भोकांच्या जागी पट्टा सर्वांत जास्त वाकतो आणि घासतो.

कागदावरचे अक्षर चामड्यावर उतरवताना कार्बन कागद वापरू नये, त्याची निळी-काळी रेघ पुढे पुसत नाही. पातळ कागदाच्या पाठीला खडू चोळून तो चामड्यावर ठेवावा आणि वरून बोथट टोकाने गिरवावे. कोरे चामडे असेल तर ते स्पंजाने किंचित दमट करून नुसते गिरवले तरी खोलगट रेघ उठते. तीच रेघ रंगाला बांध म्हणून उपयोगी पडते. रंग तिच्याबाहेर पसरत नाही. हिराकसाच्या पाण्याने लिहायचे असेल तर त्यात बाभळीचा थोडा डिंक मिसळावा, म्हणजे ते फाकत नाही.

एकच नाव अनेक वस्तूंवर घालायचे असेल, समजा शाळेच्या वीस पिशव्यांवर, तर जाड कागदाचा कातरी साचा करावा. येथे देवनागरीची एक गंमत आहे. ‘व’, ‘ब’, ‘क’, ‘ष’ या अक्षरांना बंद पोट असते. साचा कापला की ते पोट सुटून खाली पडते आणि ‘व’ आंधळा होतो. म्हणून पोटाला बाहेरच्या कागदाशी जोडणारा बारीक पूल ठेवावा लागतो. पोतींवर आणि खोक्यांवर छापलेल्या अक्षरांत मध्येच तुटलेल्या जागा दिसतात ना, त्या या पुलांच्या. साच्यावर रंग कुंचल्याने ओढू नये. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने ठोकून ठोकून भरावा. ओला रंग साच्याखाली पळतो.

नक्षीची निवड करताना फार दूर जाण्याचे कारण नाही. दारातली रांगोळी, लुगड्याच्या काठावरची रुईफुले, वारली भिंतीवरची त्रिकोणी माणसे, कोल्हापुरी चपलेची वेणी, असे आपल्याजवळ पुष्कळ आहे. मात्र वस्तूचा आकार मोडेल अशी नक्षी नसावी. बंगालमध्ये शांतिनिकेतनाजवळ श्रीनिकेतन ही ग्रामसेवेची संस्था रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये सुरू केली. रथींद्रनाथ ठाकूर आणि प्रतिमादेवी यांनी तेथे चर्मकलेला चालना दिली. शांतिनिकेतनी बटवे आणि पिशव्या आज देशभर ओळखल्या जातात. झाडपाल्याने कमावलेल्या पातळ चामड्यावर उठाव करायचा आणि हाताने रंग भरायचा, अशी त्यांची रीत. त्यांच्याकडे पाहिले म्हणजे कळते की नक्षी काठाला आणि कोपऱ्याला धरून आहे, मधली जागा मोकळी आहे. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, हे तेथून शिकावे.

श्रोतेहो, आता चौथी गोष्ट. आपण वस्तूवर नाव लिहितो, ते कोणाचे? पट्ट्यावर धन्याचे, पिशवीवर मुलाचे, दप्तरावर शाळेचे. ज्याने ती वस्तू केली त्याचे नाव कोठे आहे?

हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचा तो हक्क आहे. पुढे २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या गेल्या. त्या वेळी भारताचे किंवा कोल्हापूरचे नाव घेतले गेले नव्हते. टीका झाली, तेव्हा कंपनीने मान्य केले की प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. वर्तमानपत्रांत पुष्कळ चर्चा झाली. झाली ते योग्यच झाले. पण त्या चर्चेत आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. मिलानमध्ये कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपल्याला राग आला. आपल्या पायातली चप्पल ज्या हातांनी शिवली, त्या हातांचे नाव आपल्याला तरी ठाऊक आहे का?

आपल्या समाजाने चामडे वापरले आणि चामड्याचे काम करणाऱ्याला दूर ठेवले. देवळात मृदंग वाजला, त्याचे तोंड कातड्याचे. मळ्यात मोट चालली, ती चामड्याची. आणि ते कातडे कमावणारा मात्र गावकुसापाशी राहिला. संत रोहिदासांचे नाव आपण आदराने घेतो. त्यांचा धंदा करणाऱ्याचे नाव त्याने केलेल्या वस्तूवर घालण्याची रीत आपण पाडली नाही. वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालवले गेले, त्यामागे हा धंदा स्वच्छ आणि मानाचा व्हावा हाच विचार होता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण, म्हणजे नई तालीम, हा विचार मांडला गेला, त्यालाही हीच बाजू होती. हात आणि अक्षर वेगळे पडले की दोघांचेही नुकसान होते.

म्हणून माझी सूचना अशी की, अक्षर शिकलेल्या कारागिराने आपली खूण वस्तूवर घालावी. नाव, गाव आणि वर्ष, एवढे तीन शब्द. ते मोठे नकोत. पट्ट्याच्या आतल्या बाजूला, पिशवीच्या झडपेखाली, बटव्याच्या तळाशी. चपलेबाबत एक संकोच आपल्याकडे आहे आणि तो समजण्यासारखा आहे. अक्षरावर पाय पडू नये असे आपण मानतो. मग नाव तळव्यावर न घालता चपलेच्या कानाच्या आतल्या बाजूला घालावे, किंवा जोडाला बांधलेल्या चामड्याच्या छोट्या चकतीवर लिहावे. देवादिकांची आणि थोरांची नावे मात्र पादत्राणावर मुळीच घालू नयेत. ठसा करायचा असेल तर अक्षरे त्यावर उलटी कोरावी लागतात, हे विसरू नये. आरशात धरून सुलटी दिसली म्हणजे ठसा बरोबर.

याने काय साधेल? समजा, दोन पट्टे शेजारी ठेवले आहेत, दोन्ही सारखेच चांगले. एकावर काही नाही. दुसऱ्यावर आत लिहिले आहे की हा अमक्याने, अमक्या गावी, अमक्या साली केला. पट्टा चार वर्षे टिकला, तर गिऱ्हाईक पाचव्या वर्षी त्या गावाचा पत्ता विचारत येईल. बिनानावाच्या पट्ट्याचे गुण दुकानदाराच्या खाती जमा होतात. नावाच्या पट्ट्याचे गुण करणाऱ्याच्या. आणि दोषही. नाव घातले की वाईट काम करण्याची लाज वाटते, हा लाभ काही थोडा नव्हे. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने कोल्हापुरी जोडांवर क्यूआर कोड देण्याचा उपक्रम हाती घेतला, त्यामागचा हेतू हाच की भ्रमणध्वनीवर ती खूण दाखवली की जोड कोणी, कोठे केला ते कळावे. यंत्राची खूण असू द्या. तिच्या शेजारी देवनागरीत लिहिलेले नाव असेल तर ते वाचायला यंत्र लागणार नाही.

शिक्षकांना शेवटी एक सांगणे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात गावातील सुतार, कुंभार, माळी, कलावंत यांच्याजवळ मुलांनी शिकावे असे सुचवले आहे. त्या दहा दिवसांतला एक दिवस आपल्या गावातील चर्मकार दादांना शाळेत बोलवा. त्यांना व्हरांड्यात बसवू नका, वर्गात गुरुजींच्या जागी बसवा. त्यांनी रापी कशी धरावी, आरी कशी चालवावी, चामडे कोणत्या बाजूने ताणते ते सांगावे. मुलांनी अक्षर कसे आखावे ते दाखवावे. दुपारपर्यंत प्रत्येक मुलाच्या हाती चामड्याची एक पट्टी असेल, पुस्तकात खूण म्हणून ठेवायला. तिच्या एका बाजूला मुलाचे नाव असेल. दुसऱ्या बाजूला ज्यांनी ती कापून दिली त्यांचे नाव मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. शुद्ध, वळणदार आणि शिरोरेषेसकट.